दुखलं नाही म्हणून दात काढतोस?

बस त्या बाकावर. बूट काढ, मोजा काढ. करंगळी अजून बधिर आहे म्हणतोस आणि वर हसून सांगतोस, "सर, काही दुखलंच नाही!" अरे शहाण्या, तेच तर वाईट! आधी बोट ठणकलं, झिणझिण्या आल्या, मग सगळं एकदम गप्प झालं. बोंब मारायची ती तिथं. बोट पांढरंफटक, मेणचट, दाबलं तर टणक, म्हणजे कातडी गोठायला लागली. हिमदंश म्हणतात त्याला.

"आम्ही नाशिकची थंडी काढलेली माणसं" म्हणे! निफाडचा पारा दोन-तीन अंशांवर उतरला की पेपरात मथळा येतो आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. रात्रीच्या लायटीवर कांद्याला पाणी भरताना पाय गारठतात खरे, पण पाटाचं पाणी शून्याखाली जात नाही. तू ट्रेकला गेलास त्या केदारकंठ्याला पहाटे पारा शून्याच्या खाली, वर बोचरा वारा, आणि तुझे मोजे ओले! घट्ट बुटात दोन जाड मोजे कोंबलेस, रक्ताला जायला जागा ठेवलीस? शिवाय तंबाखू. खोटं बोलू नकोस, खिशातली पुडी दिसतेय. तिनं बोटांतल्या रक्तवाहिन्या आवळतात.

आणि उतरल्यावर काय दिवे लावलेस? मित्रानं बर्फ चोळला, तू पाय शेकोटीवर धरलेस. १८१२ साली रशियातून माघार घेताना नेपोलियनच्या लष्कराचा शल्यविशारद लारे यानं पाहिलं, गोठलेले पाय आगीला धरणाऱ्या सैनिकांचे पाय सडतात. म्हणून त्यानं बर्फ चोळायला सांगितलं. आगीचं त्याचं निदान बरोबर, बर्फाचं साफ चूक. पण पुढं शंभरावर वर्षं जग तेच गिरवत राहिलं. तुम्ही दोघांनी मिळून दोन्ही चुका केल्यात!

बधिर पायाला चटका कळत नाही, रे. कोमट पाणी घ्यायचं, ३७ ते ३९ अंश, दुसऱ्यानं कोपर बुडवून पाहिलेलं. बोट लाल आणि मऊ होईपर्यंत, साधारण अर्धा तास, त्यात ठेवायचं. त्या वेळी कळ येते, येऊ दे. पण वाटेत पुन्हा गोठायची भीती असेल तर बोट वितळवायचंच नाही; दुसऱ्यांदा गोठलं तर नुकसान कितीतरी जास्त.

गंभीर हिमदंशात गुठळ्या विरघळवणारं औषध पहिल्या चोवीस तासांतच देतात. तेव्हा तू रील टाकत होतास. हा फोड आलाय, त्याला नख लावू नकोस. तुझ्या वडिलांना फोन केलाय मी; गाडी घेऊन निघालेत, थेट दवाखान्यात जायचं.