आज्ञापालनाची मर्यादा

राजा हा ईश्वरी अंश मानावा आणि त्याने मागितलेला कर मुकाट्याने द्यावा, ही शिकवण जशी आपल्याकडील स्मृतिग्रंथांनी दिली, तशीच ती ख्रिस्ती धर्मोपदेशकांनीही शतकानुशतके दिली. संत पौलाने रोमच्या ख्रिस्ती मंडळीस लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय हा तिचा मूलाधार. कारण सत्ता ईश्वरनियुक्त आहे एवढे सांगून पौल थांबत नाही, तर त्याच ओघात करही द्यावा असे बजावतो. तेव्हा अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींनी पार्लमेंटचा कर नाकारला, तो वाद केवळ महसुलाचा राहणे शक्यच नव्हते. धर्मनिष्ठ रयतेला आधी या अध्यायाचा उलगडा करून घेणे प्राप्त होते.

तो उलगडा बॉस्टनच्या वेस्ट चर्चचे धर्मोपदेशक जोनाथन मेह्यू यांनी वसाहतींवर कर बसविणाऱ्या मुद्रांकाच्या कायद्यापूर्वी पंधरा वर्षे, म्हणजे 1750 साली करून ठेवला होता. पहिल्या चार्ल्स राजाचा 1649 मध्ये शिरच्छेद झाला, त्या तिथीस त्याला हुतात्मा गणून राजनिष्ठेची प्रवचने करण्याचा परिपाठ इंग्लंडच्या राजमान्य चर्चमध्ये होता. त्याचा प्रतिवाद करताना मेह्यूंनी पौलाचे वचन न नाकारता त्यातला हेतू तेवढा पुढे आणला. राज्यकर्ता प्रजेच्या कल्याणार्थ नेमलेला ईश्वराचा सेवक आहे म्हणून त्याची आज्ञा मानावयाची, आणि या कामी तो अखंड झटतो म्हणून त्याला कर द्यावयाचा; मग जो प्रजेला नागवतो त्याचे सेवकत्वच संपते, आणि त्याबरोबर त्याचा हक्कही.

हा युक्तिवाद राजाविरुद्ध रचलेला असला तरी पुढे तो पार्लमेंटला लागू पडला. 1688 च्या क्रांतीने राजाचा निरंकुश अधिकार हिरावून घेतला खरा, पण तो लयास न जाता पार्लमेंटच्या अंगी संचरला. मार्च 1766 मध्ये मुद्रांकाचा कायदा रद्द झाला, तेव्हा त्याच्या जोडीनेच, वसाहतींना कोणत्याही बाबतीत बांधून टाकण्याचा अधिकार आपणांस आहे, असा दुसरा कायदा पार्लमेंटने केला. 1773 साली ईस्ट इंडिया कंपनीचा चहा स्वस्त होण्याची तजवीज झाली, तरी पौंडामागे तीन पेन्सांची जकात कायम राहिली, आणि 16 डिसेंबरच्या रात्री बॉस्टनच्या बंदरात 342 पेट्या पाण्यात गेल्या. तीन पेन्स कोणालाही जड नव्हते. पण ते भरणे म्हणजे त्या अमर्याद अधिकाराच्या दस्तऐवजावर स्वहस्ते सही करणे, अशी बॉस्टनकरांची धारणा होती.

मात्र अधिकाराला मर्यादा असते हे एकदा मान्य केले, की ती मर्यादा आखणाराही तिच्यातून सुटत नाही. ऑगस्ट 1765 मध्ये मेह्यूंनी स्वातंत्र्यावर प्रवचन केले आणि दुसऱ्याच रात्री जमावाने उपराज्यपाल टॉमस हचिन्सन यांचे घर उद्ध्वस्त केले, तेव्हा व्यथित मेह्यूंना हचिन्सन यांना पत्र लिहून आपला खेद कळवावा लागला. हेच हचिन्सन पुढे राज्यपाल झाले, तेव्हा 1773 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील गुलामांनी त्यांच्याकडे व विधिमंडळाकडे अर्ज गुदरला. स्वातंत्र्याचा घोष करणाऱ्या मंडळाने त्यांना मुक्ती दिली नाही.

सर्वांत मार्मिक प्रश्न विचारला तो बाप्टिस्ट पंथाचे आयझॅक बॅकस यांनी. त्याच प्रांतात कायद्याने प्रस्थापित पंथाच्या धर्मोपदेशकांच्या वेतनासाठी कर बसत असे आणि त्यातून सूट हवी तर इतर पंथीयांना दाखला सादर करावा लागे. 1774 मध्ये फिलाडेल्फियाला वसाहतींच्या काँग्रेससाठी जमलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधींपुढे, ज्यांत सॅम्युएल व जॉन ॲडम्स होते, बॅकस यांनी हे गाऱ्हाणे मांडले. चहाची जकात चहा न पिऊन चुकविता येते, पण आमच्या विवेकावरील या करातून सुटण्यास तशी वाट कोठे आहे, असा त्यांचा रोख होता. प्रतिनिधींना तो कर क्षुल्लक वाटला; लंडनलाही तीन पेन्स क्षुल्लकच वाटले होते. पार्लमेंटची सत्ता झुगारून वसाहती स्वतंत्र झाल्या, परंतु मॅसॅच्युसेट्सच्या राज्यघटनेतून धर्मोपदेशकांसाठीचा हा कर जाण्यास 1833 साल उजाडावे लागले.