माशी कुठे शिंकली?

माणसाचा विश्वास कशावर बसावा याला काही धरबंध नाही, असं आमचे एक शेजारी म्हणतात. मला ते पटत नाही. विश्वास ही मोठी शिस्तीची गोष्ट आहे. आता माझंच पाहा. मी अंबरनाथ पूर्वेला आनंदनगरला राहतो. 'उद्या सकाळी पाणी पूर्ण दाबाने येईल' ही सोसायटीच्या फळ्यावरची सूचना वाचून मी रात्री निर्धास्त झोपतो. फलाटावरचा इंडिकेटर 'तीन मिनिटे' म्हणाला की घड्याळाकडे न पाहता पिशवी सावरून पुढे सरकतो. बदलापूरहून भरून आलेल्या लोकलमध्ये आज आपल्याला चौथी सीट मिळणार, असं गेली तीस वर्षं मला रोज सकाळी वाटत आलं आहे. विश्वास रोज बसतो. उभा राहतो तो मी.

तेव्हा मी संशयी माणूस नव्हे, एवढं सुज्ञ वाचकांनी मान्य करावं. अद्भुताचं तर मला लहानपणापासून वेड. राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो म्हटल्यावर त्या पोपटाला दाणे कोण घालतं, असला चौकस प्रश्न मी कधी विचारला नाही. १९८५ साली दूरदर्शनवर वेताळ विक्रमाच्या पाठीवर बसला तो मला बसलेला दिसला. १९९४ साली 'चंद्रकांता' आली, तेव्हा क्रूरसिंहाच्या भुवया बघायला मी रविवारी सकाळची आंघोळ लांबणीवर टाकत असे. १९९७ साली 'शक्तिमान' आला. चष्मा आणि पुढे आलेले दात गेले की गंगाधरला त्याच्या कचेरीतलं कुणी ओळखत नसे. मी म्हटलं, असेल बुवा! आमच्या कचेरीतही साहेब निवृत्त झाला की दुसऱ्या दिवशी त्याला कुणी ओळखत नाही.

मग माझं बिनसलं कुठे? माशी कुठे शिंकली?

माशी शब्दशः शिंकली ती २०१६ साली. 'कलर्स' वाहिनीवर 'ससुराल सिमर का' नावाची मालिका चालू होती. तिच्या नायिकेची माशी झाली. साधी, घरात असते ती माशी. २०११ साली मालिका सुरू झाली तेव्हा ती दोन बहिणींच्या संसाराची गोष्ट होती. पुढे हळूहळू त्या घरात चेटूक शिरलं आणि एके दिवशी घरची सून घोंघावू लागली. सारा देश हसला. हसणाऱ्यांचं म्हणणं एकच, बाईची माशी होतेच कशी?

माझी तक्रार निराळी आहे. होईना का बापडी माशी! काफ्काच्या १९१५ सालच्या कथेत एक फिरता विक्रेता सकाळी जागा होतो तो कीटक होऊनच, आणि जगातले विद्वान शंभर वर्षं ती कथा गंभीर चेहऱ्याने वाचताहेत. त्या बिचाऱ्याला कीटक झाल्यावर काळजी कसली पडते, तर पाचची गाडी चुकल्याची! अंबरनाथच्या माणसाने याहून जास्त पुरावा मागू नये. पण काफ्काने एकदा त्याला कीटक केला की मग शब्द फिरवला नाही. त्याला कूस वळता येत नाही, दाराची किल्ली फिरवताना जीव जातो, बोलायला जावं तर घरच्यांना कळत नाही. कीटक म्हणजे कीटक. आपल्या अद्भुत मालिकांत मात्र माशी का झाली, किती दिवस राहणार, माशीला काय जमतं आणि काय नाही, हे आधी कुणी सांगून ठेवत नाही. उद्याची अडचण जशी असेल तसा उद्याचा नियम. माझ्या मते माशी शिंकली ती इथे.

ॲरिस्टॉटल नावाच्या ग्रीक गृहस्थाने हे तेवीसशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं आहे. अशक्य पण पटणारं चालेल; शक्य असून न पटणारं नको, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. त्याच्या घरी टीव्ही नव्हता, म्हणून त्याने हे इतक्या शांतपणे सांगितलं.

आमच्या पुराणिकबुवांना मात्र ग्रीक शिकवणीची गरज पडली नाही. हिरण्यकशिपूचंच घ्या. वर मागताना त्याने वकिलाला सुचणार नाहीत इतकी कलमं घातली. माणसाकडून मरण नको, पशूकडून नको. दिवसा नको, रात्री नको. घरात नको, घराबाहेर नको. विष्णूला काय अवघड होतं? वरून एक वीज पाडली असती की काम झालं! पण देव कलमं वाचतो. अर्धा सिंह होतो, तिन्हीसांजेची वेळ साधतो, उंबरठ्यावर बसतो. प्रत्यक्ष देवाने एक कलम मोडलं नाही. वेताळाचंही तेच. विक्रम बोलला की वेताळ झाडावर परत. उत्तर ठाऊक असून गप्प बसला तर डोक्याची शकलं. एवढ्या दोन अटींवर पंचवीस गोष्टी उभ्या आहेत. 'आज श्रावणी सोमवार, आज बोललास तरी चालेल,' असं वेताळ एकदाही म्हणत नाही.

हे सगळं मी एकदा आईपुढे मांडलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि सावित्रीने नवरा परत आणला तो? तो बरा चालतो तुला!"

मी म्हटलं, "आई, अगं, पण कसा आणला? यम म्हणाला, नवऱ्याचा जीव सोडून हवं ते माग. तिने शंभर पुत्र मागितले. यम 'तथास्तु' म्हणाला आणि सापडला. 'बाई, घाईत बोलून गेलो,' असं म्हणायला त्याला कोण अडवत होतं? पण त्याने दिलेला शब्द पाळला. यम हरला तो स्वतःच्या शब्दामुळे."

"बरं झालं," आई म्हणाली. "दिवसभर मी खरंच बघते रे. रात्री अर्धा तास खोटं बघते. त्यात तुझं काय जातं?"

याला उत्तर देणं सोपं नाही. दिवसभर खरं बघणाऱ्या बाईला अर्ध्या तासाच्या खोट्याचा हक्क आहे, आणि तो काढून घेणारा मी कोण? पण माझं काय जातं, हा प्रश्नच नाही. जातं ते तिचं. २०००च्या जुलैत 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली. २००१ साली त्यातला मिहिर गेला, तेव्हा आई रडली होती. खरोखर रडली, पदर डोळ्यांना लावून. आमच्याकडे नळालासुद्धा इतकं पाणी नियमित येत नाही. देशभर प्रेक्षकांनी ओरडा केला आणि मिहिर परत आला. आईला आनंद झाला, मलाही झाला. पण त्यानंतर कुठल्याही मालिकेत कुणी गेलं की आई भाजीची फोडणी न थांबवता म्हणे, "येईल." तिचं रडू फसवून एकदा घेतलं गेलं होतं, ते ती पुन्हा उधार द्यायला तयार नव्हती. माणूस दुसऱ्याच्या खोट्या दुःखासाठी खरं पाणी काढून देतो, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. तिची किंमत लेखकाने ठेवली पाहिजे.

२००७च्या पावसाळ्यात माझे वडील गेले. माझा पुतण्या तेव्हा सहा वर्षांचा. रोज रात्री आजीच्या मांडीवर बसून मालिका बघणारा. पाचव्या-सहाव्या दिवशी त्याने आजीला विचारलं, "आजी, आजोबा किती भागांनी येणार?"

आई म्हणाली, "ते नाही यायचे, राजा. ही सिरियल नव्हे."

त्याचा विश्वास बसला नाही. पुढे काही दिवस दाराची बेल वाजली की आधी तो धावत जाई.

मुलाच्या वयाचाच तो दोष होता. सगळं खापर मालिकेवर फोडणं अन्यायाचं होईल. पण माझ्या लहानपणी मरण मला पहिल्यांदा भेटलं ते गोष्टीत. श्रावणबाळ पाणी आणायला गेला, दशरथाचा बाण लागला, संपलं. 'मी मेलोच नव्हतो, बाण चाटून गेला,' असं म्हणत तो पुढच्या आठवड्यात कावड घेऊन आला असता तर? आईबाप जिवंत, शाप रद्द, दशरथाचा पुत्रशोक रद्द. अर्धं रामायण अयोध्येतच आटोपलं असतं. एका मुलाचं मरण पक्कं आहे, म्हणून पुढच्या साऱ्या कथेला वजन आहे. जिथे मरण कच्चं, तिथे पराक्रम कच्चा, त्याग कच्चा आणि पश्चात्तापही कच्चा. खलनायिकेने विष घातलं तरी तिचं पाप किती धरायचं? माणूस परत येणारच असेल तर तो फार तर विनापरवाना रजेवर पाठवल्याचा गुन्हा!

मालिका लिहिणाऱ्यांची बाजूही मला कळते. आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे, आकडे घसरले की कथेला वळण द्यायचं, नट सोडून गेला की पात्र मारायचं, नट परत आला की जिवंत करायचं. गोष्टीचा शेवट ठाऊक नसताना नियम पाळायचा कसा? व्यासांच्या एक लाख श्लोकांचं महाभारत दूरदर्शनवर ९४ भागांत संपलं. मिहिरच्या घराला १,८०० भागही पुरले नाहीत. शेवट लांबवायचा असेल तर नियम मध्ये येतो, त्याला आधी काढावं लागतं. पोटासाठी माणूस काय काय करतो, हे रोज लोकलला लोंबकळणाऱ्याला कुणी सांगायला नको. तरी लोंबकळणाऱ्यालाही एक नियम पाळावा लागतो, हात सोडायचा नाही.

आमच्या अंबरनाथला शिवमंदिर आहे. शिलालेखावरून ते शके ९८२चं, म्हणजे १०६० सालचं, शिलाहार राजांच्या काळातलं. पण आमच्याकडे जुनी माणसं सांगतात, ते पांडवांनी एका रात्रीत बांधलं. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं आणि वर पाहिलं की आकाश दिसतं. का, तर पहाट झाली आणि पांडवांना निघावं लागलं, म्हणून वरचं काम राहून गेलं. इतिहासाच्या हिशेबी हे सपशेल खोटं. पण ते ऐकताना आजवर एकाही भाविकाने नाक मुरडलेलं मी पाहिलेलं नाही. रचणाऱ्याने एका रात्रीची अट घातली आणि पाळली. त्याच्या हाताशी भीम होता, अर्जुन होता, ओळखीत प्रत्यक्ष श्रीकृष्ण होता. सूर्य आणखी तासभर थोपवायला त्याला काही पैसे पडत नव्हते. आमच्या मालिकावाल्यांनी ती रात्र चारशे भाग चालवली असती, वर सोन्याचा कळस चढवला असता आणि कळसावर एक माशी बसवली असती.

त्या न पाहिलेल्या गोष्टीवेल्हाळ माणसाने तसं काही केलं नाही. पहाट झाली म्हणाला आणि छप्पर तसंच उघडं ठेवून गेला.