रिपोर्ट खरा की दुखणं खरं?



कापूस वेचणी सरत आली की आदिलाबादच्या आपल्या ग्रुपांवर एमआरआयचे फोटो यायला लागतात. कुणी रिम्सला दाखवलेलं असतं, कुणी नागपूरला जाऊन आलेलं. खाली प्रश्न ठरलेला : “डिस्क बल्ज लिहिलंय, ऑपरेशन लागेल का?”

१९९४ साली अमेरिकेत कंबर दुखत नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले होते. त्यातल्या ५२ टक्के लोकांच्या मणक्यातली गादी फुगलेली निघाली! त्रास नसलेल्यांचाच २०१५ सालचा मोठा आढावा सांगतो की गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत दिसते, ऐंशीच्या घरात ९६ टक्के. वखराची पास झिजते, म्हणून कुणी वखर मोडीत काढत नाही.

पण आम्हाला बोलायचंय ते घरातल्या न्यायाबद्दल. सासऱ्यांच्या रिपोर्टात बल्ज निघाला की आपण त्यांना खाटेवर बसवतो. वाकू नका, बैलांना हात लावू नका. चालता-फिरता माणूस महिन्याभरात भिऊन पाऊल टाकायला लागतो. त्याच घरात सुनेचा रिपोर्ट नॉर्मल आला की, “काही झालं नाही तिला, कामाचा कंटाळा!” दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला हे ऐकावं लागतं.

प्रवचनात आपण प्रत्यक्ष, अनुमान, शब्द अशी प्रमाणं ऐकतो. दुखणं ज्याचं त्यालाच प्रत्यक्ष असतं. फिल्म पाहून आपण करतो ते अनुमान. बहुतेक कंबरदुखीचं नेमकं कारण फिल्ममध्ये सापडतच नाही. मग सुनेचा शब्द खोटा आणि कागद खरा, हे आपण कशावरून ठरवलं? कागदाला निदान विचारून घेता येतं, “बाई, कधीपासून दुखतंय?” असं तिला कुणी विचारलेलं नसतं.

याचा अर्थ तपासणी टाळा असा मुळीच नाही. पायातली ताकद जात असेल, लघवी-शौचाचा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ताप राहतोय, वजन उतरतंय आणि पाठ दुखतेय, तरी लवकर दाखवा. मणक्याचा टीबी आपल्याकडे होतो. अशा वेळी एमआरआय लाखमोलाचा.

आणि रिपोर्ट ग्रुपवर टाकताना ज्याचा आहे त्याला आधी विचारत जा. त्यावर नाव-वय सगळं छापलेलं असतं.