खांदशेकणी आणि बैलाच्या विश्रांतीचा प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यात पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी होते. धुऊन आणलेल्या बैलाचा, जू टेकून निबर झालेला खांदा गरम पाण्याने शेकतात, पळसाच्या पानाने त्यावर हळद कालवलेले तूप चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. पऱ्हाटीतली डवरणी तोवर आटोपत आलेली असते. वर्षभराचे कष्ट या एका शेकाने फिटतात का, हा धर्माचा प्रश्न आहे.

शरीरापुरते बोलायचे तर फिटत नाहीत. सवय नसताना जड काम पडले की स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुखणे पुढचे एक ते तीन दिवस चढत जाते. श्रमात साचलेले लॅक्टिक आम्ल तासा-दोन तासांत निघून जाते, तेव्हा दोष त्याचा नव्हे. शर्यतीच्या घोड्याच्या स्नायूंत खर्ची पडलेला ग्लायकोजेनचा साठा भरून यायलाही दोन-तीन दिवस लागतात. शेकाने आराम वाटतो. तंतू सांधायला दिवसच द्यावे लागतात.

पराशरस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायाने हे ओळखले होते. भुकेला, तहानलेला, थकलेला बैल जुंपू नये, असे ती सांगते. नांगराला आठ बैल असणे धर्माचे, सहा पोटासाठी, चार निर्दयाचे आणि दोनच म्हणजे बैलाचा घात, अशी तिची उतरंड आहे. एकाच जोडीवर शेती ओढणाऱ्या कोरडवाहू कास्तकाराला हे माप फार कठोर आहे. तरी त्यामागचा विचार पक्का आहे: बैल आळीपाळीने सुटले पाहिजेत. विश्रांती हा कामाच्याच हिशेबातला बैलाचा वाटा ठरतो.

मुक्या जनावराचे दुखणे कळणार कसे, अशी शंका घेतली जाते. न्यायदर्शन अनुमानाला प्रमाण मानते, आणि इथे अनुमानाला खुणा भरपूर आहेत. खांद्यावर हात ठेवताच कातडी थरथरते, पाऊल आखूड पडते, बसलेला बैल उठायला वेळ लावतो, रवंथ मंदावते. रोज दावणीशी वावरणाऱ्याला कळले नाही, ही सबब देता येत नाही.

शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीतही हेच लागू पडते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने या शर्यतींना परवानगी देणारी महाराष्ट्राची कायदादुरुस्ती वैध ठरवली. पटावर धावलेली जोडी पुढचे दोन-तीन दिवस औताला न जुंपण्याची जबाबदारी मालकाची आहे.