पाणी किती चढलं, आणि मन किती बदललं?

आजचं वाचन : उत्पत्ती ६:५-८, ७:१७-२४, ८:१-२२



जलप्रलय सगळ्या जगावर आला, की फक्त नोहाच्या मुलखावर? बायबल स्टडीत हा प्रश्न निघाला की दोन गट पडतात आणि आवाज चढतात. दोघंही शास्त्र धरूनच बोलतात, म्हणून आधी दोघांचं नीट ऐकू या.

पहिले म्हणतात, लिहिलंय तसंच घ्या. आकाशाखालचे सगळे उंच डोंगर बुडाले, पाणी १५ हात वर चढलं (७:१९-२०). पूर एका खोऱ्यापुरता असता तर ३०० हात लांबीचं तारू कशाला? लोटाला सदोमातून चालत बाहेर काढलं, तसं नोहालाही काढता आलं असतं. शिवाय असा जलप्रलय पुन्हा येणार नाही, असं देवाने वचन दिलं (९:११). स्थानिक पूर तर आजही येतातच. हा मुद्दा हलका नाही.

दुसरे इब्री शब्दाकडे बोट दाखवतात. 'एरेत्स' म्हणजे पृथ्वी, तसंच देश किंवा जमीनही. अब्रामाला देश सोडायला सांगितलं तिथे हाच शब्द आहे (१२:१). योसेफाकडे धान्यासाठी सगळी पृथ्वी आली असं लिहिलंय (४१:५७), तिथे आपण आसपासचे देश असंच समजतो. आपणही म्हणतो ना, जत्रेला अख्खा मुलूख लोटला! आणि ८:५ मध्ये डोंगरांचे माथे दिसू लागलेत, तरी ८:९ मध्ये कबुतर परत येतं, कारण सगळ्या 'एरेत्स'वर पाणी आहे. म्हणजे 'सगळ्या' हा शब्द त्याच गोष्टीत जरा सैल वापरलाय.

उत्खननाचा दाखला मात्र जपून द्यावा. १९२९ च्या सुमारास लिओनार्ड वूली यांना ऊर इथे गाळाचा जाड थर सापडला आणि नोहाचा पूर मिळाला असा गाजावाजा झाला. पण मेसोपोटेमियात इतरत्र मिळालेले थर वेगवेगळ्या काळातले निघाले.

माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. सगळं जग एकदम बुडाल्याची खूण खडकांत दिसत नाही, आणि खडकही त्याच देवाचे आहेत. पण आज मला थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीने.

६:५ आणि ८:२१ शेजारी शेजारी ठेवून वाचा. प्रलयाआधी देव पाहतो की माणसाच्या मनातले विचार वाईटच आहेत, आणि नाशाचा निर्णय होतो. प्रलयानंतर तो पुन्हा तेच म्हणतो, माणसाचं मन लहानपणापासून वाईट आहे. पण आता त्याच कारणासोबत तो ठरवतो की पुन्हा असा नाश करणार नाही. एवढं पाणी येऊन गेलं, पण माणसाचं मन धुतलं गेलं नाही. तारवातून उतरलेला नोहासुद्धा पुढे द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडला. बदलली ती देवाची वागण्याची रीत. त्याने शिक्षेऐवजी करार पुढे केला, आणि तो करार पुढे वधस्तंभापर्यंत गेला.

प्रभू येशूनेही नोहाचे दिवस आठवले (मत्तय २४:३७-३९), पण पाणी कुठवर गेलं ते सांगितलं नाही. लोक खाण्यापिण्यात, लग्नकार्यात गुंग होते आणि त्यांना कळलंच नाही, हे सांगितलं.

म्हणून विनंती एवढीच. मंडळीतलं एखादं पोर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकून आलं आणि त्याने प्रश्न विचारला, तर "तुझा विश्वास कमी पडतोय" असं म्हणून त्याला गप्प करू नका. आणि आजी अक्षरशः मानत असेल तर तिला हसूही नका. कराराचं धनुष्य दोघांसाठीही आहे. वाद जिंकून माणूस गमावला, तर आपण त्याला तारवाबाहेर ठेवून दार लावलं. दार लावणं नोहाचंही काम नव्हतं. ते परमेश्वराने लावलं (७:१६).

प्रार्थना : हे पित्या, आमची मनं पाण्याने नाही, तुझ्या कृपेने बदलतात. ज्याच्याशी मत जुळत नाही, त्याच्या शेजारी बसून तुझं वचन वाचायला आम्हाला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.