मुद्देमालातील सोने कोणाचे?



सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी आणि सातारा जिल्ह्यातील खटाव, माण या दुष्काळी पट्ट्यातून बाहेर पडलेली गलाई कारागिरांची घराणी आज भारतभर पसरली आहेत. जुन्या दागिन्यांची मोड वितळवून शुद्ध सोने-चांदी करून देणे हा त्यांचा व्यवसाय. या व्यवसायात एक धोका कायमचा आहे. मुशीत पडलेल्या सोन्याला चेहरा राहत नाही. आज घेतलेली मोड कोणाच्या लग्नातली होती की कोणाच्या फोडलेल्या कपाटातली, हे धातू सांगत नाही. मग एके दिवशी पोलीस येतात, चोराने बोट दाखवलेले असते, लगड जप्त होते, पंचनामा होतो आणि ते सोने ‘मुद्देमाल’ म्हणून न्यायालयाच्या ताब्यात जाते. त्या एका पाकिटावर दोन अर्ज पडतात. जिचे दागिने गेले ती म्हणते, हे माझे. ज्याने रोख पैसे मोजले तो म्हणतो, हे माझे. दोघेही रडकुंडीला आलेले असतात आणि पुष्कळदा दोघेही खरे बोलत असतात.

या प्रसंगी देशाचा कायदा काय करतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. कारण अर्धा गैरसमज तिथेच आहे. खटला चालू असताना फौजदारी न्यायालय माल ज्याच्या हाती देते, त्याला तो मालक ठरवीत नाही. ते त्याला केवळ सांभाळायला देते, हमीपत्र लिहून घेते आणि बोलावल्यास हजर करण्याची अट घालते. आपल्याकडे याला सुपूर्दनामा म्हणतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 451 व 457 ची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 व 503 ने घेतली आहे. आता न्यायालयापुढे आलेल्या मालाची यादी चौदा दिवसांत करावी, छायाचित्रे घ्यावीत आणि त्यानंतर तीस दिवसांत त्याचा निर्णय लावावा, असे कायदा सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने 2002 सालीच सांगितले होते की, दागिने आणि वाहने पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षे पडू देऊ नयेत. त्याच्याही आधी, 1977 साली, पोलिसांच्या ताब्यातून नाहीशा झालेल्या दागिन्यांची किंमत शासनाने मूळ मालकिणीला द्यावी, असा निकाल त्याच न्यायालयाने दिला होता.

थोडक्यात, सुपूर्दनाम्यावर सोने घरी आणणारा माणूस अमानतदार असतो. हा शब्द आपल्याला नवा नाही. तरीही सुपूर्दनाम्यावर मिळालेली मोटारसायकल विकून टाकणारे आणि सोने गहाण ठेवणारे आपल्यातही आहेत, हे खेदाने म्हणावे लागते.

जप्त झालेला माल सुरक्षित हातीच असतो, असे मात्र समजू नये. 2016 च्या मार्चमध्ये मिरजेत सुमारे तीन कोटींची रोकड पोलिसांनी हस्तगत केली. ती कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरहून चोरीस गेलेली होती. पुढच्याच वर्षी, त्या तपासाच्या निमित्ताने वारणानगरला गेलेल्या सांगलीच्या काही पोलिसांवरच तेथील नऊ कोटींहून अधिक रक्कम लाटल्याचा गुन्हा नोंदला गेला आणि तपास सीआयडीकडे गेला. आरोपांचा निर्णय करणे हे न्यायालयाचे काम आहे, आपले नव्हे. परंतु एवढी रोकड मुळात कोणाची, ती तिथे कशी आली, हा प्रश्न दोन्ही जिल्ह्यांत महिनोन् महिने लोकांच्या तोंडी होता.

आता आपल्या दीनकडे वळू. सूरह निसाच्या 105 व्या आयतीपासून पुढे काही आयती चोरीच्या मालावरील अशाच एका वादाच्या निमित्ताने अवतरल्याचे मुफस्सिर सांगतात. तपशिलांत रिवायतींमध्ये फरक आहे. प्रसिद्ध रिवायत अशी की, मदीनेतील बनू उबैरिक या घराण्यातील एकाने अन्सारी सहाबींच्या घरातून पिठाच्या पोत्यात ठेवलेले चिलखत चोरले. पोत्याला भोक होते, पिठाची रेघ वाटेवर उमटली. चोराने चिलखत एका यहुदी माणसाकडे ठेवले आणि माल त्याच्याकडेच सापडला. चोराचे भाऊबंद पैगंबर (स.) यांच्याकडे आले आणि आपल्या माणसाची बाजू मांडू लागले. माल ज्याच्या घरी मिळाला तो परका, परधर्मी. आणि खरा चोर आपला, कलमा पढणारा. अशा वेळी वह्य आली ती त्या निरपराध यहुद्याच्या बाजूने! विश्वासघात करणाऱ्यांची वकिली करू नका, आपला गुन्हा निर्दोष माणसाच्या माथी मारणारा उघड पाप वाहतो, असा या आयतींचा आशय आहे. गल्लीतला मुलगा पकडला गेला की पुरावा न पाहता ठाण्यावर जमणाऱ्या आपल्या बांधवांनी या आयती अर्थासह वाचाव्यात. आणि माल सापडला म्हणजे तोच चोर, असे ठरवून टाकणाऱ्यांनीही.

मग चोराकडून अजाणता विकत घेणाऱ्याचे काय? हजरत समुरा (रजि.) यांच्या हदीसचा आशय असा की, ज्याला आपली वस्तू दुसऱ्याकडे जशीच्या तशी सापडली तोच तिचा अधिक हक्कदार, आणि घेणाऱ्याने विकणाऱ्याला गाठावे. बहुसंख्य फकीहांनी हेच मत धरले आहे. याउलट, घेणाऱ्यावर संशय नसेल तर मालकाने त्याने मोजलेली किंमत देऊन वस्तू घ्यावी किंवा चोराच्या मागे लागावे, अशीही एक रिवायत नसाई यांच्या संग्रहात आहे. मला पहिले मत अधिक बळकट वाटते. पण दुसरी रिवायत अजाण खरेदीदाराच्या दुःखाची जाणीव ठेवते, म्हणून ती विसरू नये. भारतीय कायदाही याच्या जवळ येतो. जे विकणाऱ्याचे नव्हते ते घेणाऱ्याचे सहसा होत नाही. मात्र दोषी ठरलेल्या चोराकडे पैसे सापडले असतील, तर मूळ मालकाला माल परत मिळाल्यावर त्या पैशांतून अजाण खरेदीदाराची किंमत देण्याचा आदेश न्यायालय करू शकते. तसा अर्ज वेळेवर करणारे थोडे.

‘अजाण’ हा शब्द मात्र जपून वापरावा. बाजारभावाच्या निम्म्या दरात, पावतीविना, रात्री नऊ वाजता आणलेले गंठण घेणारा स्वतःला अजाण म्हणवून घेऊ शकतो. ज्या अल्लाहपुढे त्याला उभे राहायचे आहे, तो त्याच्या मनातली शंकाही जाणतो.

आणि मालकानेही जपावे. चोरी झाली चार तोळ्यांची, फिर्यादीत लिहिले सहा. दुसऱ्याच कोणाची अंगठी ओळख परेडमध्ये दिसली आणि ‘हीच माझी’ म्हटले. वकील वाक्पटू, पंच ओळखीचे, आदेश आपल्या बाजूने. हजरत उम्मे सलमा (रजि.) सांगतात की, पैगंबर (स.) यांनी स्वतःच्या निकालाविषयीदेखील इशारा दिला होता: मी माणूस आहे, जे ऐकतो त्यावर निर्णय देतो, कोणी युक्तिवादात सरस ठरून भावाचा हक्क मिळवला, तर त्याच्या हाती आगीचा तुकडा आला, अशा आशयाचा. अल्लाहच्या प्रेषितांचा निकालही जिथे हरामाला हलाल करीत नाही, तिथे सातारा-सांगलीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश कसा करील?

अबू दाऊद यांच्या संग्रहात या हदीसचा प्रसंगही आला आहे. दोन माणसे जुन्या वारशाचा वाद घेऊन आली होती. दोघांकडे साक्षीपुरावा नव्हता. हा इशारा ऐकताच दोघेही रडू लागले आणि प्रत्येक जण म्हणाला, माझा हक्क याला. तेव्हा त्यांना सांगण्यात आले की, आता न्यायाने वाटणी करा, चिठ्ठ्या टाका आणि एकमेकांना माफ करा. आजही हा मार्ग बंद नाही. चोरीचा गुन्हा शासनाचा आहे, तो चालेल. पण वितळलेल्या लगडीतील वाटा दोन्ही अर्जदार आपसांत ठरवू शकतात आणि ‘आमची हरकत नाही’ असे लेखी देऊ शकतात. त्यासाठी पुढच्या तारखेची वाट पाहण्याचे कारण नाही. न्यायालयाच्या आवारातील चहाच्या गाड्यावरही हे बोलणे होऊ शकते.