विक्रमाचे तिसरे पाऊल

‘विक्रम’ हा शब्द आपण हल्ली फार सढळ हाताने वापरतो. पावसाचा विक्रम होतो, कांद्याच्या भावाचा होतो, गर्दीचाही होतो. परंतु शब्दाच्या मुळाशी गेले तर तेथे साधे पाऊल आहे. ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे. विक्रम म्हणजे लांबवर टाकलेले पाऊल, आणि त्यावरून पुढे पराक्रम. या मूळ अर्थाने सर्वांत थोर विक्रम वामनाचा, म्हणूनच तो त्रिविक्रम. दोन पावलांत त्याने भूलोक आणि स्वर्गलोक व्यापले. तिसऱ्या पावलास जागा उरली नाही, तेव्हा बळीने आपले मस्तक पुढे केले. ही कथा ऐकताना आपले डोळे पावलाच्या लांबीवर खिळलेले असतात. ते पाऊल अखेर कोणाच्या तरी डोक्यावर पडले, हे आपण ऐकतो आणि विसरतो. त्यातही एक गोष्ट विसरता कामा नये, ती ही की बळीने मस्तक आपण होऊन पुढे केले होते. तो नाही म्हणू शकत होता. त्याच्या गुरूने तर त्याला तसे बजावलेही होते.

मनुष्याचे प्रत्येक विक्रमी पाऊल असेच कोठे तरी पडत असते. ते ज्याच्या मस्तकावर पडते, त्याला नाही म्हणण्याची सोय होती काय, हा प्रश्न आम्हांस विक्रमाच्या आकड्याहून महत्त्वाचा वाटतो. त्याचा विचार करण्यासाठी एकमेकांपासून अत्यंत दूर असलेल्या दोन उतारांकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. एक उतार युरोपातील बर्फाचा, दुसरा शिरूर तालुक्यातील मातीचा.

स्की-उड्डाण नावाचा एक खेळ आहे. पायांना लांब फळ्या बांधून खेळाडू उंच उतरणीवरून घसरत येतो आणि ताशी शंभर किलोमीटरांच्या आसपासच्या वेगाने उतरणीच्या टोकावरून हवेत झेपावतो. खालची टेकडी अशी घडविलेली असते की तिचा उतार त्याच्या उड्डाणाच्या कमानीबरोबरच खाली वळत जातो. त्यामुळे तो आकाशात गेल्यासारखा दिसला तरी बर्फापासून फार उंच नसतो. स्पर्धेसाठी आज वापरात असलेल्या एवढ्या मोठ्या टेकड्या युरोपात चारच आहेत. त्यांतील एक स्लोव्हेनियातील प्लानित्सा. तेथे १९३६ साली सेप ब्राडल या ऑस्ट्रियन तरुणाने शंभर मीटरांची मर्यादा प्रथम ओलांडली. तेथेच १९७२ साली या खेळाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. १९९४ साली फिनलंडचा टोनी निएमिनेन तेथे २०३ मीटरांवर उतरला, आणि ३० मार्च २०२५ रोजी डोमेन प्रेव्त्स याने २५४.५ मीटरांची नोंद केली.

नव्वद वर्षांत अंतर अडीचपट झाले. मनुष्याचे पाय काही अडीचपट बळकट झाले नाहीत. टेकडी मोठी झाली, पोशाख बदलला, फळ्या समांतर न धरता पुढे फाकवून धरण्याची युक्ती सापडली. शिवाय खेळाडूने उतरणीवर किती उंचावरून सुटावयाचे, हे वारा पाहून पंच ठरवितात. म्हणजे विक्रमाचा आकडा एकट्या खेळाडूच्या नावे लिहिला गेला तरी त्यात टेकडी, वारा आणि पंच हे मुके भागीदार असतातच. एप्रिल २०२४ मध्ये जपानचा र्‍योयू कोबायाशी आइसलंडमध्ये खास त्याच्यासाठी तयार केलेल्या उतारावरून २९१ मीटर गेला. अंतर सर्वांहून मोठे. परंतु आंतरराष्ट्रीय महासंघाने ते विक्रम म्हणून मानले नाही. यात अन्याय झाला असे आम्हांस वाटत नाही. विक्रम म्हणजे नुसती लांबी नव्हे. सर्वांनी आधी मान्य केलेल्या बंधनांच्या आत गाठलेली लांबी, तीच विक्रम.

या खेळात आणखी एक नियम आहे आणि तो आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो. निएमिनेनच्या आधी, त्याच दिवशी, आंद्रेआस गोल्डबर्गर २०२ मीटरांवर उतरला होता. दोनशेचा उंबरठा वस्तुतः त्याने प्रथम ओलांडला. परंतु उतरताना तोल सावरण्यासाठी त्याचे हात बर्फाला लागले, आणि उडी विक्रमात धरली गेली नाही. स्पेनमधील कातालोनिया प्रांतात माणसांवर माणसे चढवून मनोरे रचण्याची जुनी प्रथा आहे. तेथेही वर चढलेला मनोरा निराळा मोजतात आणि चढून सुखरूप उतरलेला निराळा. मान अर्थात दुसऱ्याचा मोठा. सुखरूप उतरणे हा पराक्रमाचाच भाग आहे, ही समज ज्या खेळाच्या नियमांत उतरली, त्या खेळाने माणसाला आकड्याहून मोठे मानले, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि नियम करणारे आणि पाहणारे नेहमीच इतके शहाणे असतात असे नाही. १९७४ साली प्लानित्सा येथे वाल्टर श्टाइनर हा स्विस खेळाडू इतरांहून एवढा पुढे जाऊ लागला की टेकडीचा उतार संपून जेथे सपाटी लागते त्या धोक्याच्या जागेजवळ तो पोहोचला, आणि १७७ मीटरांवर उतरताना पडला. पेशाने तो लाकडावर कोरीव काम करणारा कारागीर. लोकांना विक्रम पाहावयाचा होता, आणि उंचावरून सुटण्याची मुभा त्याला होती. त्याने ती नाकारली. इतरांपेक्षा खालच्या जागेवरून तो सुटला, आणि तरीही स्पर्धा जिंकला. आमच्या मते त्या दिवशीचा खरा विक्रम कोठे झाला असेल तर त्या खाली उतरलेल्या पायऱ्यांवर झाला. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात महासंघानेच काही वर्षे १९१ मीटरांपुढील अंतर गुणांत न धरण्याचा नियम केला. श्टाइनरने जे आपल्या बुद्धीने केले, ते सर्वांकडून करवून घेण्यासाठी नियम लागला.

येथे कोणी म्हणेल, की सज्ञान मनुष्य आपल्या जिवाचा धनी आहे. त्याला सीमा घालणारे तुम्ही कोण? हा आक्षेप हलका नाही. स्त्रियांचीच गोष्ट पाहा. या खेळातील मोठ्या टेकड्या त्यांना दीर्घकाळ बंद होत्या, आणि त्यासाठी काळजीचीच भाषा वापरली जात असे. त्यांची पहिली उड्डाण-स्पर्धा मार्च २०२३ मध्ये नॉर्वेतील विकरसुंड येथे झाली. आणि दोनच वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, तेथेच निका प्रेव्त्स हिने २३६ मीटरांचे अंतर गाठले. ती वर सांगितलेल्या डोमेनची धाकटी बहीण. तिच्या आधीच्या पिढ्यांतील किती जणींचे पंख काळजीच्या नावाखाली मिटून ठेवले गेले असतील, याची नोंद कोणत्याही वहीत नाही. जिला विचारता येते तिला न विचारता केलेली दया ही अनेकदा दया नसतेच; ती दुसऱ्याच्या आयुष्यावर केलेली मालकी असते.

पण मग ज्याला विचारताच येत नाही, त्याचे काय? हा प्रश्न मनात घेऊन आता दुसऱ्या उताराकडे वळू.

पुण्याहून अहिल्यानगरच्या रस्त्याने निघाले की शिरूरच्या अलीकडे रांजणगाव लागते. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे हे स्थान. आकाशात फिरणाऱ्या तीन नगरांच्या बळावर उन्मत्त झालेल्या त्रिपुरासुराशी लढताना महादेवालाही प्रथम यश आले नाही. विघ्नहर्त्याचे स्मरण राहून गेले होते, ते येथे केल्यावर मग एका बाणात त्रिपुरांचा नाश झाला, अशी येथली कथा. सामर्थ्याने झेपावण्यापूर्वी क्षणभर थांबून नमस्कार करावा, असा तिचा अर्थ आम्ही घेतो. आज या गावाच्या अंगणात मोठी औद्योगिक वसाहत उभी आहे; पण भोवतालच्या शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत यात्रा आली की लोकांचे कान अजूनही घाटाकडे लागतात. घाट म्हणजे बैलगाडा पळविण्यासाठी केलेली चढाची धाव. हलका गाडा, त्याला बैल, पुढे धावणारी घोडी, भिर्रर्र असा आरोळा, उधळलेला भंडारा. आणि बारी संपताच ध्वनिक्षेपकावरून पुकारलेला सेकंदांचा आकडा. ज्याचा आकडा सर्वांत कमी तो ‘घाटाचा राजा’. प्लानित्सात मीटर मोजतात, येथे सेकंद. दोन्हीकडे श्वास रोखून धरणारी माणसे एकाच मातीची आहेत.

या शर्यतीचे अलीकडचे चरित्र न्यायालयांच्या दप्तरी आहे. २०११ साली केंद्र सरकारने प्रदर्शनासाठी वापरावयास बंदी असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतीही बंद केल्या. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली. तिच्या अंमलास उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवून नियम काटेकोर पाळले जातात की नाही हे पाहण्याचा भार जिल्हा प्रशासनावर ठेवला. धावेचे अंतर हजार मीटरांपेक्षा अधिक नसावे, बैलाची पशुवैद्याकडून तपासणी व्हावी, काठी वा चाबूक वापरू नये, असे ते नियम आहेत.

शर्यतीच्या बाजूचे म्हणणेही न्यायाने ऐकले पाहिजे. नांगर ट्रॅक्टरने ओढला, मोट विजेच्या पंपाने नेली, मालाची ने-आण मोटारींनी नेली. मग खिलार बैल गोठ्यात कशासाठी राहावा? शर्यत आहे म्हणून तो आहे, असे शेतकरी सांगतो, आणि ते खोटे नाही. ज्या घरात शर्यतीचा बैल असतो तेथे पोरांच्या आधी त्याच्या खुराकाची चौकशी होते. शहरात बसून, पायांत कातड्याचे जोडे घालून, या माणसाला भूतदयेचे पाठ देणे सोपे आहे. त्या उपदेशात सामील होण्याची आमची इच्छा नाही.

परंतु प्रेमाने प्रश्न सुटत नाही, तो अधिक बिकट होतो. श्टाइनर खालच्या पायरीवरून सुटला, कारण पायरी निवडणे त्याच्या हाती होते. निकाला नाही म्हटले गेले तेव्हा ती भांडू शकली असती. बैलाला ना पायरी निवडता येते, ना भांडता येते. घाटाचा राजा म्हणून गुलाल ज्याच्या अंगावर पडतो, त्याला आपण राजा झालो हेही ठाऊक नसते. त्याच्या जवळ एकच भाषा आहे: पळणे किंवा न पळणे. ज्या क्षणी शेपटी पिरगाळली जाते, टोचणी लागते, काठी उगारली जाते, त्या क्षणी ती एकमेव भाषाही आपण त्याच्याकडून काढून घेतो. तेथून पुढे जे सेकंद मोजले जातात ते बैलाच्या बळाचे नसून त्याच्या भीतीचे असतात. आणि भीतीचा वेग हा कोणाचाही विक्रम नव्हे.

बैल आणि सज्ञान खेळाडू यांच्या मध्ये कोठे तरी आपल्या दहीहंडीतील वरच्या थराचे पोर उभे आहे. २०१२ साली ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर रचून ४३.७९ फुटांचा जागतिक विक्रम केला. १६ ऑगस्ट २०२५ रोजी ठाण्यातच कोकण नगर पथकाने दहा थर रचले. मधल्या काळात उच्च न्यायालयाने २०१४ साली उंची वीस फुटांवर आणली होती. २०१७ साली ती मर्यादा गेली, पण चौदा वर्षांखालील मुलांना भाग घेऊ देणार नाही असे शासनाने न्यायालयास सांगितले. हंडी जितकी उंच, तितके वर हलके शरीर हवे. हा गणिताचा नियम आहे, कोणाच्या दुष्टपणाचा नव्हे. तेच पोर हौसेने चढते, यात संशय नाही. परंतु लहान मुलाचा होकार आणि बळीचा होकार यांत अंतर आहे. बळीला आपण काय देत आहोत हे ठाऊक होते.

म्हणून आमचे म्हणणे असे, की विक्रमाची सीमा अंतराने, उंचीने वा सेकंदाने ठरवावयाची नसून भार वाहणाऱ्याच्या नकाराने ठरवावयाची. ज्याला नकार देता येतो त्याला तो देण्याची खरीखुरी मोकळीक असावी. बक्षिसाच्या रकमेने आणि गर्दीच्या आरोळीने ती गुदमरू नये. ज्याला देता येत नाही, त्याच्या वतीने तो देण्याचे कर्तव्य त्याच्या जवळच्या माणसावर येते: पोराच्या बाबतीत बापावर, बैलाच्या बाबतीत मालकावर. धाप लागलेल्या, उन्हाने कासावीस झालेल्या बैलाला बारी लागण्याआधीच सोडून घराकडे वळविणारा मालक घाटावर उपहासास पात्र होत असेल, तर दोष त्याचा नाही, आपल्या टाळ्यांचा आहे. कारण त्याने केले ते श्टाइनरनेच केलेले काम आहे. किंबहुना अधिक कठीण, कारण श्टाइनरने स्वतःचा जीव जपला, याने दुसऱ्याचा.

कायदा काठी हिरावून घेऊ शकेल, पशुवैद्य उभा करू शकेल. टाळी कोठे वाजवावयाची हे मात्र तो सांगू शकणार नाही. ते घाटाच्या दुतर्फा उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने स्वतः ठरवावयाचे आहे. पुढच्या यात्रेत एखादा गाडा न पळता माघारी वळेल, तेव्हा ध्वनिक्षेपकावरून त्या मालकाचेही नाव पुकारले जावे, आणि त्याच्या बैलाच्या पाठीवरही चिमूटभर भंडारा पडावा, एवढीच आमची मागणी आहे.